‘देवाचं काम’ म्हणून विशेष शिक्षिका व्हावं का?

तू लिहिलंस ते थोडक्यात असं. बी.ए. झालंय, नाशिकरोडला राहतेस, दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जातेस आणि तिथल्या संडे स्कूलचा लहान गट सांभाळतेस. जूनपासून त्या गटात एक सहा वर्षांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा येतो. गाणी सुरू झाली की कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरतो. त्याच्यामुळे तुला वाटू लागलंय की आपण विशेष शिक्षिका, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारी शिक्षिका, व्हावं. घरचे म्हणतात, काम चांगलं आहे पण पोट भरायचं नाही. चर्चच्या मंडळीतली वडीलधारी म्हणतात, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, असेल तर पगाराकडे बघू नकोस, हे देवाचं काम आहे. आणि तू मला विचारतेस, बाई, तुम्ही ह्या कामात 34 वर्षं कशी काढलीत, आणि त्यात श्रद्धेचा खरंच उपयोग झाला का?

पगाराकडे बघ. सगळ्यात आधी हेच सांगते. ‘देवाचं काम’ हे शब्द पगार थकवायला वापरलेले मी पाहिलेत. सुरुवातीला मी एका विनाअनुदानित शाळेत होते. एका वर्षी सलग पाच महिने पगार झाला नाही. आम्ही तिघीजणी विचारायला गेलो तर पदाधिकारी माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही तर चर्चला जाणाऱ्या बाई, तुम्हाला सेवा काय ते मी सांगायला हवं का?” मी गप्प बसले. माझ्या शेजारी उभी असलेली मैत्रीण गप्प बसली नाही. तिने महिन्याभरात शाळा सोडली आणि अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे अंगावर नीट ताबा नसलेल्या, मुलांना भरवण्यात तिच्यासारखा हात आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. मान कुठे धरायची, घास जिभेच्या कोणत्या बाजूला ठेवायचा, हनुवटीला किती आधार द्यायचा, हे तिला बरोबर जमायचं. ती गेल्यावर तिच्या वर्गातला एक मुलगा कित्येक आठवडे डबा अर्धा टाकत होता, कारण आमच्या हातून त्याला ठसका लागायचा. त्या पाच महिन्यांचं नुकसान शेवटी कोणाचं झालं, ते बघ. शिक्षक टिकला तर मूल शिकतं, आणि शिक्षक टिकायचा तर त्याच्या घरची चूल पेटायला हवी. तेव्हा नोकरी घेताना शाळा अनुदानित आहे का, पद मंजूर आहे का, नेमणूक कायम की कंत्राटी, हे बिनधास्त विचार. त्यात श्रद्धेला बाधा येत नाही.

शिक्षणाचं पटकन सांगते. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेल्या संस्थेतूनच डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षण कर. दोन्ही दोन वर्षांचे आहेत. तुझी पदवी झाली आहे, म्हणजे बी.एड.चा रस्ता मोकळा आहे. आरसीआयचा कायदा 1992 चा. मी डिप्लोमा केला तेव्हा तोही नव्हता. आता नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही, आणि नोंदणी टिकवायला पाच वर्षांत 100 गुण मिळतील एवढी प्रशिक्षणं करावी लागतात. संस्था मान्यताप्राप्त आहे का हे प्रवेश घेण्याआधी स्वतः तपास, कोणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. आणि फॉर्म भरण्याआधी एक महिना एखाद्या शाळेत नुसती बसायला जा. नाशिकमध्ये ही सोय जुनी आहे. रजनीताई लिमये यांनी इथे 1977 साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. ‘अशा मुलांची शाळा कशाला’ असं लोक तोंडावर विचारायचे त्या काळातली ही गोष्ट.

त्या महिन्यात तुला काय दिसेल ते सांगते, म्हणजे ‘देवाचं काम’ जवळून कसं असतं ते कळेल. माझ्याकडे सातपूरहून एक सात वर्षांचा मुलगा यायचा. बौद्धिक अक्षमता तीव्र, बोलणं नाही. आई रोज पिशवीत पाच चड्ड्या देऊन पाठवायची आणि संध्याकाळी पाचही ओल्या परत जायच्या. त्याला साध्या शाळेने घेतलं नव्हतं, ते ह्याच कारणाने. मी दोन आठवडे काहीही शिकवलं नाही. दर पंधरा मिनिटांनी हात लावून बघायचं, कोरडी की ओली, आणि वहीत वेळ लिहायची. सव्वादहा. अकरा वाजून चाळीस. डब्यानंतर वीस मिनिटांनी. दोन आठवड्यांनी वही उघडली तर वेळा जवळजवळ ठरलेल्या निघाल्या. मग त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी न्यायचं, बसवायचं, नळ थोडा सोडायचा, झालं की त्याच्या आवडीची चकचकीत कागदाची भिंगरी दोन मिनिटं हातात द्यायची. मावशींना सांगून ठेवलं होतं की अपघात झाला तर रागवायचं नाही आणि लाडही करायचे नाहीत, गुपचूप बदलायचं. चार महिने लागले. एका दिवशी त्याने माझी ओढणी धरली आणि मला संडासाच्या दाराकडे ओढलं. पाचही चड्ड्या कोरड्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याची आई फाटकापाशी पिशवी छातीशी धरून उभी होती. काही बोलली नाही.

आमच्या कामाची सगळी विद्या ह्या वहीत आहे. आधी मूल कुठे आहे ते नीट मोजायचं; बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने त्यासाठी एफएसीपी नावाची तपासणी यादी तयार केली आहे, ती तुला शिकवतील. मग एकच लहानसं उद्दिष्ट घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा शिकवायचा, मदत हळूहळू काढून घ्यायची. लोक म्हणतात, बाई, तुमच्यात फार सहनशीलता. मला ते कधी पटलं नाही. सहनशीलता संपते. वहीतली कालची नोंद मात्र आज काय करायचं ते सांगते, तुझा मूड असो वा नसो.

आता श्रद्धा.

मी नाशिकमधल्या शरणपूरला वाढले. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली, आणि हिंदी महासागरातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथे आणून ठेवली. त्यांना ना घर माहीत, ना इथली भाषा. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि सुतारकी, लोहारकीसारखी कामं शिकवली. त्यातले काही पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्या मिशनरी संशोधकाबरोबर आफ्रिकेत गेले; 1874 साली लिव्हिंग्स्टनचा देह इंग्लंडला पोहोचवणारा जेकब वेनराइट हा नाशिकचाच विद्यार्थी. आमच्या आजीला ही गोष्ट सांगायला फार आवडायची, आणि तिचा भर लिव्हिंग्स्टनवर कधीच नसायचा. ती म्हणायची, ज्यांचं नावसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं त्यांच्या हाताला इथे काम शिकवलं, बाळा. मी ह्या क्षेत्रात आले त्याचं मूळ बहुतेक तिथेच आहे.

पण मला खरा उपयोग झाला तो योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायाचा. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. पुढे तो थुंकीने चिखल कालवतो आणि कामाला लागतो. प्रवेशाच्या दिवशी माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक आईच्या मनात शिष्यांचाच प्रश्न असतो. कोणी त्र्यंबकला नारायण नागबळी करून आलेली असते, कोणी फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूला मेणबत्ती लावून, कोणी दर्ग्यात दोरा बांधून. सासरचे म्हणालेले असतात, तुमच्याच घराण्यात काहीतरी असणार. आपल्या ख्रिस्ती आयाही वेगळ्या नाहीत. त्या फक्त ‘कर्म’ऐवजी ‘पाप’ म्हणतात. मी कोणालाच प्रवचन दिलं नाही, शाळेत ते करूही नये. पण ‘ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही’ हे मनात पक्कं असल्यामुळे मला त्या बाईकडे आरोपी म्हणून बघता आलं नाही. डाऊन सिंड्रोम म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत. जन्मताना ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला इजा होते. बऱ्याच मुलांचं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. हे शांतपणे, चहा घेत सांगायचं. आईच्या मनावरचं ओझं थोडं उतरलं की ती घरी सराव घेते. उतरलं नाही तर ती मुलाला नुसती भरवत राहते, कारण तिला त्याची भरपाई करायची असते.

मार्कच्या सातव्या अध्यायातला बहिरा माणूसही वाचून बघ. येशू त्याला गर्दीतून बाजूला घेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी त्याला कळेल अशा खुणांनी बोलणं, आणि तेही गोंगाटापासून दूर नेऊन. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी शाळेत आठ वर्षं घालवली होती आणि तो उतारा त्याआधी पन्नास वेळा ऐकला होता.

श्रद्धेमुळे माझ्या हातून झालेली एक चूकही तुला सांगायला हवी. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता, त्याला फिट यायच्या, रोज दोन वेळा गोळी होती. त्याची आई माझ्याच ओळखीने एका घरगुती प्रार्थनासभेला जाऊ लागली होती. एका सोमवारी ती म्हणाली, “बाई, आता तो बरा होणार, मला आतून शांती मिळालीये.” मी म्हणाले, देवाची स्तुती असो. एवढंच म्हणाले. गोळ्या चालू आहेत का, हे विचारलं नाही. तिने शनिवारपासून बंद केल्या होत्या. सभेत कोणीतरी तिला सांगितलं होतं की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. मंगळवारी प्रार्थनेच्या तासाला त्याला फिट आली आणि थांबेना. रिक्षात त्याला कुशीवर धरून दवाखान्यात पोचेपर्यंतचा रस्ता मला अजून खड्ड्या-खड्ड्यासकट आठवतो. वाचला. पण जे तीन-अक्षरी शब्द तो बोलायचा, ते परत यायला वर्ष गेलं.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी मी प्रत्येक पालकाला विचारत आले, गोळ्या चालू आहेत का, किती उरल्या आहेत. तूही विचार. फिटची गोळी अचानक बंद केली तर न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांग. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांवर गेली तर सरळ हॉस्पिटल. प्रार्थना जरूर करावी. मी रोज करते, मुलांची नावं घेऊन. पण प्रार्थना करणाऱ्याने गोळीची पट्टी हातात घेऊन मोजलेली असावी.

आता एक चांगली गोष्ट, तीही चर्चमधलीच. डाऊन सिंड्रोम असलेली 19 वर्षांची एक मुलगी. तिच्या धाकट्या भावाचं दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, झालं, तो प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे जाऊ लागला, आणि ही दर वेळी बाकावरून उठून त्याच्यामागे निघायची. आई दंड धरून खाली बसवायची. आईने मंडळीत विचारलं तर उत्तर आलं, तिला अर्थ कळायला हवा. शिवाय ती रांगेत थांबणार नाही, काहीतरी सांडेल, उपासनेचा भंग होईल. आई माझ्याकडे रडत आली. अर्थाचं मी पाळकसाहेबांवर, म्हणजे आमच्या धर्मगुरूंवर, सोडलं. रांगेचं आणि सांडण्याचं मात्र माझ्या हातात होतं.

आम्ही कामाचे अकरा तुकडे केले. बाकावरून उठणं, मधल्या वाटेवर येणं, समोरच्याच्या पाठीमागे उभं राहणं, तो सरकला की सरकणं, पायरीशी गुडघे टेकणं, उजव्या तळहातावर भाकर घेणं, तोंडात घालणं, छोटा प्याला दोन्ही हातांनी धरणं, पिणं, परत देणं, आपल्या बाकावर परत येणं. आणि शिकवायला सुरुवात केली शेवटापासून. आधीचं सगळं मी तिचा हात धरून करून घ्यायचे, फक्त बाकावर परत येऊन बसणं तिने एकटीने करायचं. ते जमलं की प्याला परत देणं आणि बाकावर येणं. असं मागून पुढे. शेवट पहिल्यापासून हातात असला की मूल दमत नाही, कारण प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला मिळतो. दर शनिवारी दुपारी माझ्या घरच्या हॉलमध्ये पाटाची पायरी केली, पावाचे तुकडे घेतले, द्राक्षारसाऐवजी कोकम सरबत. कोकमाचे डाग माझ्या सतरंजीवर अजून आहेत. रांगेत थांबणं सगळ्यात अवघड गेलं. ती पुढे घुसायची. शेवटी तिला सांगितलं, समोरच्याच्या पाठीवर डोळ्यांनी फूल काढ. ते तिला आवडलं. रांगेतल्या प्रत्येक पाठीवर ती मान हलवत फूल काढायची. आठ महिने लागले.

दरम्यान पाळकसाहेबांनी तिच्याशी तीन-चार वेळा बसून बोलणं केलं होतं. पहिल्या भेटीनंतर ते मला म्हणाले, मी तिला जे विचारलं ते आपल्या मंडळीतल्या किती जणांना सांगता येईल, असा मला प्रश्न पडलाय. दृढीकरण झालं. ईस्टरच्या सकाळी ती रांगेत उभी राहिली, मान हलवत, आणि एक थेंबही सांडला नाही. परत फिरताना मात्र थांबली, कारण आई गर्दीमुळे दोन बाक मागे सरकली होती आणि आम्ही ‘आपला बाक’ शिकवला होता. ती रिकाम्या झालेल्या आपल्या जुन्या जागी, दोन अनोळखी बायकांच्या मध्ये जाऊन, नीट हात जोडून बसली.

मोठ्या मुलांबद्दल बोलायचं तर तिथे आमचं काम जवळजवळ कारकुनी होतं, आणि ते टाळू नये. आईबापांचं वय झालं की ते एकच गोष्ट विचारतात: आमच्या माघारी काय? त्यांना धीराचे शब्द देण्याआधी कागद दे. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलंय का. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. 1995 च्या कायद्यात सातच होते आणि स्वमग्नता त्यात नव्हतीच, त्यामुळे जुन्या पालकांना वाटतं आपल्याला काही लागू नाही. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे. अठरानंतर कायदेशीर पालक नेमायचा तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. हे सगळं तोंडपाठ ठेव. मी कित्येक पालकांबरोबर सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहिले आहे.

एवढी वर्षं कशी काढली, ह्याचं उत्तर मी सारखं पुढे ढकलतेय. बाराव्या वर्षी मी जवळजवळ सोडलं होतं. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी सकाळी संडे स्कूल, दुपारी महिला मंडळ. मुलांवर ओरडायला लागले होते, घरी कोणी हाक मारली तर अंगावर काटा यायचा. आमच्या तेव्हाच्या पाळकीणबाईंनी एका रविवारी मला दारात अडवलं, संडे स्कूलच्या वर्गाची किल्ली मागून घेतली आणि म्हणाल्या, “तू आजपासून शेवटच्या बाकावर बसायचं. कोणाचं काही करायचं नाही.” मला अपमान वाटला होता. पण त्या बाकावर बसून मी वर्षभर नुसती ऐकत राहिले, कधी झोपलेही, कधी गाता गाता रडले. तिथे मी कोणाची शिक्षिका नव्हते. सोमवारी शाळेचं फाटक उघडताना हात जड वाटेनासा झाला. म्हणून सांगते, तू कोर्स सुरू केलास की संडे स्कूलचा गट दुसऱ्या कोणाला दे. मंडळीत कुरकुर होईल, होऊ दे. आठवड्यात एक दिवस तरी असा हवा की तू फक्त घेणारी असशील.

तोवर मात्र तो टेबलाखालचा मुलगा तुझा आहे. येत्या रविवारी त्याला बाहेर ओढू नकोस. दाराजवळची जागा दे, पेटी आणि ढोलकीपासून सगळ्यात लांब. गाणी सुरू व्हायच्या आधी त्याला सांग, “आता गाणं,” आणि हवं तर तेवढा वेळ व्हरांड्यात कोणीतरी त्याच्याबरोबर उभं राहू दे. पुठ्ठ्यावर चार चित्रं काढ: गाणं, गोष्ट, रंगवणं, घरी. एकेक झालं की ते चित्र त्याच्याच हाताने उलटं करायचं, म्हणजे पुढे काय आणि संपणार कधी, हे त्याला दिसेल. त्याच्या आईला विचार, त्याला कोणते आवाज चालतात, काय आवडतं, आणि हो, गोळ्या आहेत का. तो टेबलाखाली कधी गेला, त्याआधी काय झालं होतं, बाहेर कधी आला, घड्याळ बघून वहीत लिही. चार रविवार लिही आणि मग वही घेऊन ये. शनिवारी दुपारनंतर मी घरीच असते.